वाचक विचारतात : पावणेतीन लाखांचं आयर्लंड

जूनच्या अंकात हे सदर दोन पानांऐवजी एकच पान आलं. खाली खुलासा छापला होता, की मेच्या शेवटी कॉलेजच्या १९ मुलामुलींना घेऊन मी १२ दिवस आयर्लंडला गेले होते, लिहायला सवड झाली नाही. सदर अर्धं का, हे कोणीच विचारलं नाही. आयर्लंडबद्दल मात्र इतकी पत्रं आली, की संपादक म्हणाले, विमा आणि बचतीचे प्रश्न पुढच्या महिन्यात घ्या, आधी हे संपवा. मी इंदूरला २७ वर्षं कॉस्टिंग, म्हणजे मालाच्या खर्चाचा हिशेब, शिकवते, प्रवासवर्णन मला जमत नाही. आयर्लंड हिरवं आहे, पाऊस कधीही येतो, मेच्या अखेरीस रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि मुलं झोपायचं नाव घेत नाहीत. निसर्ग एवढाच. आता पत्रं.

आदरणीय मॅडम, माझा मुलगा बी.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजने आयर्लंडच्या १२ दिवसांच्या 'स्टडी टूर'चे पावणेतीन लाख सांगितलेत. यांचं म्हणणं, एवढ्यात दुकानाचं फर्निचर होईल. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. खरंच काही शिकतात का तिथे, की फोटो काढून येतात?
— एक आई, सुदामानगर, इंदूर

आधी त्याला जेवायला वाढा. रुसून मागितलेल्या वस्तूचा भाव घरात कुणालाच नीट ठरवता येत नाही.

फोटो काढतात, भरपूर काढतात. शिकणं ज्याच्या त्याच्यावर. पैशांचं मात्र मी सांगू शकते. १२ दिवसांतले दोन येण्याजाण्यात जातात, कारण आम्ही गेलो तेव्हा भारतातून डब्लिनला थेट विमान नव्हतं. इंदूरहून मुंबई, मग आखात, मग डब्लिन. पोचल्यावरचा पहिला दिवस डुलक्यांचा. शनिवार-रविवार तिथेही सुटी. उरले सात दिवस. पावणेतीन लाखांना सातने भागा, दिवसाला ३९ हजारांच्या वर पडतात. आमच्या सहलीचा असाच आकडा मी निघण्याआधी आठवडाभर फळ्यावर लिहून ठेवला होता, शिपायाला पुसू दिला नाही. तिथे सकाळच्या तासाला एकही मूल उशिरा आलं नाही.

कॉलेजला लाजू नका, विचारा. प्रत्यक्ष शिकवण्याचे तास किती, आणि शिकवणार कोण, तिथले प्राध्यापक की आपलेच सर तिकडच्या खोलीत? व्हिसा नाकारला गेला तर परत किती मिळणार? दुपारचं जेवण धरलंय का? आमचं धरलेलं नव्हतं, हे तिथे गेल्यावर कळलं आणि पहिल्याच दुपारी १९ तोंडं माझ्याकडे वळली. विमा आहे का, त्यात दवाखाना येतो का? ही उत्तरं कागदावर द्यायला जे कॉलेज कां-कूं करतं, तिथे माझा ठाम नकार.

कर्ज काढून मात्र पाठवू नका. पदवीसाठी कर्ज समजू शकते, १२ दिवसांसाठी नाही. आणि फर्निचरमुळे दुकानाचं गिऱ्हाईक खरंच वाढणार असेल तर मुलाच्या वडिलांचं ऐका, मुलाला पुढच्या वर्षी पाठवा. आयर्लंड कुठे जात नाही.

आता शिकण्याचं एक उदाहरण देते, ठरवा तुम्हीच. आमच्यातल्या एका मुलाच्या घरी सेव-नमकीनचा कारखाना आहे. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसतो आणि माझ्या तासाला त्याचे डोळे उघडे असतात, एवढंच मी त्याच्याबद्दल म्हणू शकत होते. डब्लिनला दुसऱ्या संध्याकाळी सगळे पाण्याच्या बाटल्या घ्यायला सुपरमार्केटमध्ये गेलो आणि हा चिप्सच्या कपाटासमोर रुतून बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, चाळीस मिनिटं. वहीत काहीतरी लिहितोय. जाऊन बघितलं, तर कपाटाच्या पट्टीवरची लेबलं उतरवत होता. तिथे प्रत्येक मालाच्या किमतीखाली बारीक अक्षरांत किलोचा दर छापलेला असतो. लहान पुडी, मोठी पुडी, सहाचा जोड, सगळ्यांचे किलोचे दर त्याने शेजारी शेजारी मांडले होते. म्हणाला, "मॅडम, मोठी पुडी स्वस्तच असते असं नाही. आमच्याकडे हे गिऱ्हाइकाला दिसलं तर?" रात्री वडिलांशी तासभर बोलत होता. फोनचं बिल कोणी भरलं, विचारलं नाही.

त्याच कपाटात 'टेटो' नावाचे चिप्स होते. १९५४ साली डब्लिनमध्ये जो मर्फी नावाच्या माणसाने ही कंपनी काढली. तोवर चिप्स बेचव यायचे आणि पुडीत मिठाची वेगळी चिमुकली पुडी असायची. मसाला चिप्सलाच लावून, चीज-कांद्याच्या चवीचे चिप्स विकणारा हा पहिला. सेवेत लवंग घालायची की लसूण, यावर ज्या घरात भांडणं होतात, त्या घरातल्या मुलाला ही गोष्ट सांगावी लागत नाही, ती त्याची आपोआप होते. गंमत पुढे आहे. सीमेपलीकडे उत्तर आयर्लंडमध्येही 'टेटो' मिळतात, पण ती कंपनी वेगळी, मालक वेगळे. नाव वापरायची परवानगी त्यांनी तेव्हाच रीतसर घेतलेली. एका बेटावर एक नाव आणि दोन मालक. मुलगा म्हणाला, "आमच्याकडे एका गल्लीत चार असतात, आणि चारही असली."

मी वडोदऱ्यात एम.बी.ए. करतोय. आमच्या आयर्लंडच्या कार्यक्रमात चार कंपन्यांच्या भेटी आहेत, त्यातल्या तीन मोठ्या टेक्नॉलॉजी कंपन्या. मोकळ्या वेळात आणखी काय पाहावं?
— एक विद्यार्थी, मांडवी, वडोदरा

त्या तीन भेटींत तुला काचेची इमारत, रंगीत खुर्च्या, फुकट बिस्किटं आणि एच.आर.च्या बाईंच्या पंचवीस स्लाइड्स मिळतील. बिस्किटं चांगली असतात. डब्लिनमधल्या लिफी नदीच्या मुखाजवळचा तो सगळा गोदीचा भाग आता अशाच इमारतींनी भरलाय. एक भेट पुरे, उरलेल्या दोन बदलता आल्या तर बदला.

पहिलं ठिकाण सांगितल्यावर तुझे आईवडील मला पत्र लिहितील, दोन पालकांनी तर आधीच सुनावलंय. गिनेसचा बिअरचा कारखाना. प्यायला नाही, दोन कागदांसाठी. पहिला कागद तिथे जमिनीतच काचेखाली ठेवलाय. आर्थर गिनेसने १७५९ साली केलेला जागेचा भाडेपट्टा, मुदत ९,००० वर्षं, भाडं वर्षाला ४५ पौंड. आमच्यातल्या एकाच्या आजोबांचं सराफ्यात जुन्या भाड्याचं दुकान आहे. तो काचेवर वाकून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "आमचंही असंच आहे, फक्त कागद हरवलाय."

दुसरा कागद तू परीक्षेत सोडवला आहेस. 'स्टुडंट्स टी-टेस्ट', संख्याशास्त्रातली एक चाचणी. हा स्टुडंट म्हणजे कोणी विद्यार्थी नव्हे. १८९९ साली याच कारखान्यात नोकरीला लागलेला विल्यम गॉसेट. बिअरला लागणाऱ्या बार्ली धान्याची आणि हॉप्सच्या फुलांची प्रत तपासायची, पण नमुने हाती येणार चार-सहाच. एवढ्याशा नमुन्यांवरून निष्कर्ष किती खात्रीचा, हा त्याचा रोजचा पेच. त्याचं उत्तर त्याने १९०८ साली छापलं. कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने छापू देत नसे, म्हणून टोपणनाव 'स्टुडंट'. २७ वर्षं मी ज्या मुलांना टी-टेस्ट रडत सोडवताना पाहिलं, त्यांची पुढची पिढी त्या कारखान्याच्या दारात उभी राहून म्हणाली, "म्हणजे हे कोणाच्या तरी कामाचं होतं?" माझी अर्धी फी तिथेच वसूल झाली.

पण वडोदऱ्याच्या मुलाला मी मुख्यतः कॉर्कला पाठवीन. डब्लिनहून आगगाडीने अडीच-पावणेतीन तास. शँडन नावाच्या चढावरच्या मोहल्ल्यात लोण्याचं छोटंसं म्युझियम आहे. तू अमूलच्या आणंदपासून तासाभरावर राहतोस, तुला लोण्याचं अप्रूप नसणार. तरी जा. १७७० पासून कॉर्कच्या व्यापाऱ्यांनी लोण्याचा बाजार शिस्तीत बांधला. शेतकऱ्याच्या लाकडी पिंपात पोकळ सळई खुपसून आतलं लोणी बाहेर काढायचं, बघायचं, हुंगायचं, चाखायचं, आणि पिंपावर प्रतवारी कोरायची: पहिली, दुसरी, तिसरी. वर चांगलं आणि तळाशी भेसळ, हा धंदा चालायचा नाही. त्या एका सळईच्या जोरावर हा जगातला सर्वांत मोठा लोण्याचा बाजार झाला, जहाजं पार वेस्ट इंडीजपर्यंत जायची. मग डेन्मार्कचं एकसारखं लोणी आलं, मार्गारीन हे नकली लोणी आलं, आणि कॉर्कचे व्यापारी जुन्याच प्रतवारीला कवटाळून बसले. १९२४ साली बाजार बंद.

म्युझियममध्ये आमच्या एका मुलीने तिथल्या मावशींना विचारलं, "१८४५ च्या दुष्काळात दहा लाख माणसं मेली म्हणता, मग तेव्हा हे लोणी कुठे होतं?" मावशी म्हणाल्या, बंदरात. बटाट्याला रोग पडला होता, लोण्याला नाही. लोणी विकून गरीब शेतकरी जमिनीचा खंड भरायचा आणि स्वतः बटाट्यावर जगायचा. बटाटा गेला तरी खंड चुकत नव्हता, जहाजं निघतच होती. दहा लाख मेले आणि तेवढेच देश सोडून गेले. आजही त्या पूर्ण बेटाची लोकसंख्या १८४१ पेक्षा कमी आहे. मुलीने पुढे काही विचारलं नाही. आपल्याकडच्या दुष्काळांत धान्य कुठे होतं, हे ती परत आल्यावर वाचतेय. कॉस्टिंगच्या वहीच्या मागच्या पानांवर टिपणं काढतेय आणि मी बघून न बघितल्यासारखं करते.

पुढचा भाग तुझ्या ओळखीचा. १९६१ साली तिथे दूध मंडळ झालं, १९६२ साली सगळ्या सहकारी डेअऱ्यांच्या लोण्याला मिळून एकच नाव दिलं, 'केरीगोल्ड', आणि ते इंग्लंडच्या बाजारात उतरवलं. तेव्हा मंडळाची धुरा पंचविशीतल्या टोनी ओ'रायलीकडे होती, रग्बीचा नावाजलेला खेळाडू. शेकडो गावांचं दूध, एक नाव, एक प्रत. अमूलचा खेडा दूध संघ १९४६ चा आहे, म्हणजे 'एक नाव' या बाबतीत आपण मागे नव्हतो. फरक असा, की आयर्लंडची माणसं कमी आणि दूध फार, म्हणून त्यांना विकायला बाहेरच जावं लागलं. आपलं घरातच संपतं. दोन्ही संघांचा पैसा शेतकऱ्याच्या हातात जातो कसा, याची तुलना करणारा एक धड प्रोजेक्ट अजून माझ्या टेबलावर आलेला नाही. तू वडोदऱ्यात बसून हे करणार नसशील तर कोण करणार?

वेळ उरला तर गॉलवेच्या बाजूला 'सुपरमॅक्स'मध्ये बटाट्याचे तळलेले काप खा. १९७८ साली बॅलिनस्लो नावाच्या गावात पॅट मॅकडोना या माणसाने काढलेलं दुकान. फुटबॉल खेळताना त्याला 'सुपरमॅक' म्हणायचे, तेच नाव. युरोपात पसरायला निघाल्यावर मॅकडोनाल्ड्सने हरकत घेतली, आमच्या 'बिग मॅक'शी गल्लत होईल म्हणून. मॅकडोना दमला नाही, उलट विचारलं, तुम्ही हे नाव कुठे कुठे खरोखर वापरता ते दाखवा. जून २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, चिकनच्या पदार्थांवर पाच वर्षं सलग वापर दाखवता आलेला नाही, तिथे 'बिग मॅक'चा हक्क गेला. ट्रेडमार्कवर मी दोन तास बोलते तेव्हा मुलं जांभया देतात. तिथे हातात कापांचा द्रोण धरून ऐकलं, एकाने जांभई दिली नाही.

आयर्लंडचे माजी पंतप्रधान वरदकर आपले मालवणचे ना? तिथे मराठी बोलणारे भेटले का? आणि शाकाहारी माणसाने खायचं काय? नातू जातोय.
— एक आजोबा, लष्कर, ग्वाल्हेर

आजोबा, नमस्कार. लिओ वरदकरांचे वडील डॉक्टर, घराणं मालवण तालुक्यातल्या वराड गावचं. आई आयरिश, नर्स. २०१७ ते २०२० आणि पुन्हा डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ ते पंतप्रधान होते. २०१९ च्या डिसेंबरात सहकुटुंब वराडला येऊन गेले. तिथे पंतप्रधानाला जे म्हणतात त्याचा उच्चार साधारण 'टीशख', स्पेलिंग मात्र वाचून जीभ वळू नये असं. मराठी बोलणारे भेटले, डब्लिनच्या बसमध्ये, भाजीच्या दुकानात. इंदूरचं कळल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, "पोहे आणलेत का?"

स्टेशनांच्या पाट्या आयरिश आणि इंग्रजी दोन्हींत असतात. एका ठिकाणाचं नाव अक्षर लावून वाचलं तर 'डन लाओघायरे' होतं, आणि लोक म्हणतात 'डन लिअरी'. आपल्या काळ्यांना इथे 'काले' आणि केळकरांना 'केलकर' ऐकत म्हातारे झालेल्यांना ते पटकन कळतं. पाटीवर भाषा आहे, शाळेत सक्तीची आहे, रस्त्यात मात्र कानावर फारशी पडत नाही. रामबागेतल्या आमच्या वाड्यात खालच्या पिढीचं तेच चाललंय, पण तो विषय आज नको.

नातवाला ओट्सची लापशी, सोडा घातलेला खरपूस पाव, लोणी, बटाटे, स्कोन आणि कडक चहा मिळेल. तिकडचे लोक दुधाचा चहा आपल्यासारखाच दिवसभर पितात, आलं मात्र नाही. भारतीय हॉटेलं आहेत. बरोबर सेव, चिवडा, थेपले द्या. पेढे, खव्याची मिठाई आणि तूप देऊ नका. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. आमच्या एका मुलाच्या आजीने तुपाची बरणी पायमोज्यात गुंडाळून दिली होती. मुंबईला विमानतळावर माझ्या ते ध्यानात आलं. ती बरणी माझ्या मावसबहिणीकडे पोचली.

दरडोई उत्पन्नाच्या यादीत आयर्लंड नेहमी अगदी वर असतो. तेवढी श्रीमंती रस्त्यात दिसते का?
— निवृत्त बँक कर्मचारी, तिलकनगर, इंदूर

नाही दिसत, आणि तुम्ही बँकेतले म्हणून मोकळेपणाने सांगते, तो आकडाच फसवा आहे. २०१५ या एका वर्षात त्या देशाचं उत्पन्न २६ टक्क्यांनी वाढल्याचं २०१६ साली जाहीर झालं. कारखाने रातोरात वाढले नव्हते. काही परदेशी कंपन्यांनी पेटंटं आणि तसले हक्क कागदोपत्री आयर्लंडच्या खात्यात हलवले होते. पॉल क्रुगमन या अर्थतज्ज्ञाने त्याला 'लेप्रेकॉन इकॉनॉमिक्स' म्हटलं. लेप्रेकॉन म्हणजे त्यांच्या लोककथेतला सोन्याची हंडी लपवणारा बुटका. शेवटी त्यांच्या सांख्यिकी कार्यालयाला हे सगळं वजा करून वेगळं मोजमाप काढावं लागलं. मुलांना मी सांगितलं, विद्यार्थ्याच्या बापाने मुलाच्या खात्यात एका दिवसासाठी दहा लाख ठेवले म्हणून वर्गाची सरासरी श्रीमंत झाली, तसं.

कंपन्या जातात त्याला कारण कर. २००३ पासून साडेबारा टक्के. २०२४ पासून ७५ कोटी युरोंहून मोठी उलाढाल असलेल्या गटांना १५. इंग्रजी भाषा आणि युरोपीय संघ यांचाही हात आहे. पण आपल्याला जवळची गोष्ट आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या शॅनन विमानतळाची. अटलांटिक ओलांडणारी पंख्यांची विमानं तेल भरायला शॅननला उतरायची. १९४७ साली ब्रेंडन ओ'रेगनने तिथे विमानतळावरचं जगातलं पहिलं करमुक्त दुकान काढलं. जेट विमानं आली, ती न थांबता वरून जाऊ लागली, गाव ओस पडायची वेळ आली. तेव्हा १९५९ साली विमानतळाला लागून करमुक्त औद्योगिक क्षेत्र उघडलं. आपलं कांडल्याचं १९६५ चं निर्यात क्षेत्र आणि पीथमपूरचं एस.ई.झेड. (विशेष आर्थिक क्षेत्र), या सगळ्यांचं हे थोरलं भावंड. त्याच शॅननमध्ये १९७५ साली टोनी रायन यांनी विमानं विकत घेऊन भाड्याने द्यायची कंपनी काढली. आज जगातली कितीतरी भाड्याची विमानं आयर्लंडमधून चालवली जातात. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून तुम्ही ज्यात बसता, त्या विमानाचा मालकही डब्लिनच्या एखाद्या कचेरीत असू शकतो. आपण दुसऱ्याच्या गाडीत बसलोय हे पायलटलाही वावगं वाटत नाही.

२००८ ला घरांच्या किमतींचा फुगा फुटला, बँका बुडू लागल्या, सरकारने हमी दिली आणि २०१० च्या नोव्हेंबरात देशालाच कर्ज मागावं लागलं. तुमच्यासारख्यांनी तो काळ अभ्यासण्यासारखा आहे. हवं तर स्वतंत्र लिहीन.

मुलीचा व्हिसा कसा करायचा? युरोपचा शेंगेन चालतो का? ट्रिपमध्ये बेलफास्टही आहे.
— एक वडील, राजेंद्रनगर, इंदूर

शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, इथे चालत नाही, आयर्लंड त्यात नाही. त्यांचा स्वतंत्र व्हिसा, अर्ज ऑनलाइन, मग कागद आणि पासपोर्ट केंद्रावर. दोन महिने तरी हातात ठेवा. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट लागतं, आणि अर्जाच्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम भरू नका, तिथे लगेच डोळ्यावर येते.

बेलफास्टकडे मात्र नीट लक्ष द्या, आम्ही तिथेच घसरलो. बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनमध्ये. वाटेत नाका नाही, फाटक नाही, पोलीस नाही; फक्त वेगाच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैलांत दिसू लागतात. व्हिसा मात्र ब्रिटनचा लागतो. भारतीयांच्या काही आयरिश व्हिसांवर 'बी.आय.व्ही.एस.' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) अशी अक्षरं छापलेली असतात, त्यावर दोन्हीकडे फिरता येतं. आमच्या व्हिसांवर ती नव्हती आणि एजंटाने कार्यक्रमात बेलफास्ट घालून ठेवलं होतं. मला कळलं आदल्या रात्री अकराला, पासपोर्ट मोजताना. एजंट फोनवर म्हणाला, "काही नाही हो मॅडम, कोणी बघत नाही." १९ मुलांच्या आयुष्यातल्या पुढच्या प्रत्येक व्हिसा-अर्जाचं काय, हे त्याला सुचलं नाही. मी बस रद्द केली. तिघं दोन दिवस बोलली नाहीत माझ्याशी. त्यांना न्यूग्रेंजला नेलं, पिरॅमिडांहून जुनं थडगं आहे, पाच हजारांवर वर्षांचं. तरी बोलली नाहीत. बसचे पैसे अजून परत आलेले नाहीत.

तिथेच एक वर्षाचं मास्टर्स करावं म्हणते मी.
— एक विद्यार्थिनी, वडोदरा

अभ्यास चांगला, नंतर दोन वर्षांपर्यंत राहून नोकरी शोधता येते, सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम चालतं. अडचण घराची. डब्लिनमध्ये खोली मिळणं प्रवेशाहून अवघड झालंय. न पाहिलेल्या खोलीसाठी मोबाइलवरच्या फोटोंवर विसंबून पैसे पाठवू नकोस. त्यात फसलेली दोन मुलं मला तिथे भेटली.

मी गेल्या वर्षी अशाच ट्रिपला जाऊन आले. रिपोर्ट द्यायचाय, विषय सुचत नाही. सगळे 'आयर्लंडची करव्यवस्था' घेतायत.
— एम.बी.ए.ची विद्यार्थिनी, इंदूर

सगळे घेतायत ना, मग तू घेऊ नकोस. तू इंदूरची आहेस, कचऱ्यावर लिही. हसू नकोस.

आम्ही उतरलो होतो तिथून जवळच्या दुकानात दारापाशी एक यंत्र होतं, भिंतीत गोल तोंड. १ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे पेयांच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर आणि धातूच्या कॅनवर अनामत घेतात. ५०० मिलीपर्यंत १५ सेंट, त्याहून मोठ्याला २५. रिकामी बाटली यंत्रात सरकवली, की ती आत गरगर फिरते, बारकोड वाचला जातो, आणि शेवटी पैशांची चिठ्ठी बाहेर येते. आमच्या मुलांनी पहिल्या दिवशी अकरा बाटल्या नेल्या. यंत्राने अकराच्या अकरा परत तोंडावर मारल्या. पुन्हा घातल्या, पुन्हा बाहेर. मागे रांग वाढली. शेवटी एका म्हातारबाबांनी हसत एक बाटली उचलून दाखवली: सगळ्या पिळून, चुरगाळून चपट्या केलेल्या. आपल्याकडे बाटलीवरच छापलेलं असतं ना, वापरल्यावर चुरगाळा. इंदूरच्या मुलांनी इमानाने ते केलं होतं. तिथे चुरगाळलेल्या बाटलीचा बारकोड वाचता येत नाही आणि पैसे बुडतात. एक देश सांगतो चुरगाळा, कारण त्याला भीती आहे की बाटली कोणीतरी पुन्हा भरून विकेल. दुसरा सांगतो चुरगाळू नका. एवढ्यावर तुझी पहिली चार पानं होतात.

मग खर्च मांड. यंत्राची किंमत कोणावर पडते, दुकानदाराला काय मिळतं, जी बाटली परत येतच नाही तिच्या १५ सेंटांचं काय होतं. आपल्याकडे अनामत न घेता गाडी घरोघर फिरते, गाणं वाजवते, ओला-सुका वेगळा करून घेते. त्याचा दर घरामागे किती पडतो?

मी परत आल्यावर तिथली एक १५ सेंटांची चिठ्ठी आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्याला दाखवली, यंत्राची सगळी हकिगत सांगितली. त्याने चिठ्ठी उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "मैडम, ये तो हम बरसों से कर रहे हैं, बस पर्ची नहीं देते."

सुरुवात त्याच्यापासून कर. तो रामबागेत रोज सकाळी साडेनऊला येतो, रविवार सोडून.